पूर्वपक्ष त्याच्याच तोंडून : दर्शनं शेजारीशेजारी ठेवून वाचताना

खडूफळा (धागाकर्ता)

वेगवेगळ्या परंपरा समांतर वाचायच्या म्हटलं की दोनपैकी एक होतं. एकतर सगळ्यांचा सारांश सांगणारं एखादं पुस्तक वाचून माणूस थांबतो, नाहीतर आठ ग्रंथ एकदम उघडतो आणि महिन्याभरात आठही मिटतो. हे टाळायला खालचा आराखडा केलाय. जाणकारांनी यातली भोकं दाखवावीत.

एकच प्रश्न घ्यायचा आणि तो तीन घरी विचारायचा. प्रत्येकाचा पूर्वपक्ष (म्हणजे ज्याचं खंडन होतं ते समोरच्याचं मत) त्याच्याच तोंडून ऐकायचा. प्रश्न असा: कर्म म्हणजे नेमकं काय, आणि ते माणसाला चिकटतं कसं? जैनांकडून तत्त्वार्थसूत्र, बौद्धांकडून धम्मपद (४२३ गाथा) आणि मज्झिमनिकायातली (बुद्धाच्या मध्यम लांबीच्या उपदेशांच्या संग्रहातली) थोडी सुत्तं, तिसऱ्या घरी सांख्यकारिका (७२ कारिका) आणि गीता. तत्त्वार्थसूत्राची श्वेतांबर प्रत ३४४ सूत्रांची आहे. रोज तीन सूत्रं धरली तर चार महिन्यांत संपते. सोबत वही, तिच्यात चार रकाने: शब्द, त्या ग्रंथातला अर्थ, नेमका अध्याय-सूत्र क्रमांक, आणि न पटलेलं.

विचारायचं ते एवढंच: क्रम बरोबर आहे का, आणि आधी एखादा संग्रहग्रंथ वाचून मग मुळाकडे जावं का?

ओसरी

वही उत्तम, पण पहिला रकाना फसवणार. या परंपरांनी एकमेकींचे शब्द वापरलेत आणि अर्थ आपापले ठेवलेत. चार नमुने देतो.

पुद्गल: जैनांकडे हे जड द्रव्य, ज्याला रूप-रस-गंध-स्पर्श आहेत. बौद्धांकडे पुग्गल म्हणजे व्यक्ती. अभिधम्मातल्या (बौद्ध तत्त्वचर्चेच्या पिटकातल्या) एका ग्रंथाचं नावच पुग्गलपञ्ञत्ति आहे. तोच शब्द एका घरी ढेकूळ, दुसऱ्या घरी माणूस.

स्कंध: जैनांकडे परमाणू एकत्र येऊन झालेला पिंड. बौद्धांकडे रूप, वेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान हे पाच.

आस्रव: जैनांकडे शब्दशः आत झिरपणं, म्हणजे कर्मपुद्गल जीवाकडे वाहत येतात ते. पालीत आसव म्हणजे चित्ताचे मळ: काम, भव, अविद्या. वाहून येण्याची मूळ प्रतिमा जैनांकडे अजून जिवंत आहे. बौद्धांकडे शब्द उरला आणि ओल गेली.

धर्म: हा तर सगळ्यांचाच. पण जैनांच्या द्रव्यांच्या यादीत धर्म म्हणजे गतीला साहाय्य करणारं माध्यम, माशाला पाणी असतं तसं. पुण्य किंवा उपासना म्हणून वाचलंत तर पाचवा अध्याय कळणारच नाही.

म्हणून पहिल्या रकान्यात नुसता ‘कर्म’ लिहू नका. ‘कर्म-जै’, ‘कर्म-बौ’ असं लिहा. दिसायला पोरकट दिसतं, पण सहा महिन्यांनी वही उघडाल तेव्हा कळेल. जैनांचं कर्म द्रव्य आहे, आठ प्रकारचं. बुद्धाचं वाक्य आहे ‘चेतनाहं भिक्खवे कम्मं वदामि’, म्हणजे चेतनेलाच मी कर्म म्हणतो. तुमच्या ‘चिकटतं कसं’ या प्रश्नातलं ‘चिकटतं’ हे क्रियापदच एका घरचं आहे. बौद्धाला तो प्रश्न विचारलात तर तो आधी प्रश्नच दुरुस्त करेल.

घाटमाथा

संग्रहग्रंथ आधी वाचू नका, मध्ये वाचा. कारण सांगतो.

माधवाचार्यांच्या सर्वदर्शनसंग्रहात सोळा दर्शनं आहेत. चार्वाकापासून सुरुवात, मग बौद्ध, मग आर्हत (म्हणजे जैन), असं करत शेवटी शांकर. ही रांग लावणारा हात अद्वैत्याचा आहे. प्रत्येक पुढचं दर्शन मागच्याला खोडतं आणि वरच्या पायरीवर लेखकाचं स्वतःचं घर. नवख्या वाचकाला वाटतं विचाराची वाढ याच क्रमाने झाली. (काही छापील प्रतींत शेवटचं शांकरदर्शन नाही, त्यामुळे पंधराच सापडली तर बाइंडरला दोष देऊ नका. वासुदेवशास्त्री अभ्यंकरांच्या टीकेसह १९२४ मध्ये भांडारकर संस्थेने काढलेल्या आवृत्तीत ते आहे.)

याच्या उलट हरिभद्राचा षड्दर्शनसमुच्चय. अवघ्या ८७ कारिका, आणि समोरच्याचं मत समोरच्याच्या भाषेत. हरिभद्र जैन आचार्य, पण जैनांना त्याने शेवटी सिंहासनावर बसवलेलं नाही, मधेच घेतलंय. त्याचा एक श्लोक प्रसिद्ध आहे: ‘पक्षपातो न मे वीरे न द्वेषः कपिलादिषु । युक्तिमद्वचनं यस्य तस्य कार्यः परिग्रहः ॥’ संग्रह वाचायचाच तर पहिला हा.

आता खंडनाचा प्रकार जवळून बघू. ब्रह्मसूत्रांचा दुसऱ्या अध्यायातला दुसरा पाद म्हणजे तर्कपाद. तिथे जैन मताच्या खंडनाचं २.२.३३ हे सूत्र: ‘नैकस्मिन्नसंभवात्’. एकाच वस्तूत परस्परविरोधी धर्म असणं शक्य नाही. शंकराचार्य म्हणतात, आहे आणि नाही हे दोन्ही एकाच ठिकाणी एकाच वेळी कसे राहतील, थंड आणि उष्णासारखे? वाचून वाटतं, झालं, स्याद्वाद (प्रत्येक विधानाला ‘स्यात्’ जोडणारं जैन मत) संपला.

मग जैनांकडे जा. ‘स्यात्’ म्हणजे ‘कदाचित’ नव्हे. ते अव्यय आहे, अर्थ ‘कथंचित्’, अमुक एका अपेक्षेने. मडकं आहे: स्वतःच्या द्रव्याने (माती), क्षेत्राने (या ओसरीवर), काळाने (आज), भावाने (काळं, भाजलेलं). तेच मडकं नाही: परद्रव्याने, म्हणजे सोन्याचं म्हणून. अपेक्षा दोन असल्यावर विरोध कुठे राहिला? सप्तभंगीचे सातही भंग (वस्तूबद्दलची सात विधानं) याच दोन खुंट्यांवर आणि तिसऱ्या ‘अवक्तव्य’वर (सांगता न येण्यावर) उभे आहेत. म्हणजे सूत्राचं खंडन ज्या मताला लागू पडतं, ते मत जैन जसं मांडतात तसं नव्हे.

यावरून शंकराचार्य चुकले म्हणून टाळी वाजवू नका. पुढचा खरा प्रश्न असा की सगळं अपेक्षेनेच खरं असेल तर ‘सगळं अपेक्षेने खरं आहे’ हे वाक्य कुठल्या अपेक्षेने? जैन तार्किकांनी यालाही उत्तर दिलंय: अनेकान्तही (वस्तूला अनेक बाजू असतात हे मतही) अनेकान्तच, प्रमाणाने (समग्र ज्ञानाने) पाहिलं तर अनेकान्त आणि नयाने (एका बाजूने) पाहिलं तर एकान्त. ते उत्तर पटतं की नाही हे तुमच्या चौथ्या रकान्यात जाईल. पण तिथवर पोचायला खंडन आणि मूळ दोन्ही शेजारी लागतात.

कडूलिंब

चार्वाकाचं काय करणार? त्याचं म्हणणं बहुतेक त्याच्या शत्रूंच्याच पुस्तकांत शिल्लक आहे. जयराशीचा तत्त्वोपप्लवसिंह १९४० मध्ये छापून आला, पण तो तर प्रत्यक्षालाही (इंद्रियांनी होणाऱ्या ज्ञानालाही) खोडल्याशिवाय सोडत नाही, म्हणजे नेहमीच्या चार्वाकाच्या पुढे गेलेला. पूर्वपक्ष त्याच्याच तोंडून ऐकायचा म्हणता, इथे तोंडच नाही.

घाटमाथा

@कडूलिंब, खरंय. तिथे एवढंच करता येतं की तीन वेगवेगळ्या विरोधकांनी (नैयायिक, बौद्ध, जैन) दिलेला चार्वाक समोर ठेवायचा आणि तिघांत समान येतं तेवढंच धरायचं. प्रत्यक्ष हेच प्रमाण, देहाहून वेगळा आत्मा नाही, परलोक नाही. ‘ऋणं कृत्वा घृतं पिबेत्’ ही टर पहिल्यांदा बाजूला काढा.

निरंजन_वाट

धागाकर्त्याने मज्झिमनिकायातली सुत्तं ‘थोडी’ म्हणून सोडून दिलीत. नेमकी सांगतो, कारण त्यांच्या प्रश्नावर दोन घरांचं थेट भांडण नोंदलेलं आहे आणि दोन्ही बाजूंचे कागद शाबूत आहेत. असं फार कमी वेळा मिळतं.

पहिली बैठक: उपालिसुत्त (मज्झिम ५६). जागा नालंदा. दीघतपस्सी नावाचा निगंठ, म्हणजे जैन साधू, बुद्धाला सांगतो की आमच्याकडे तीन दंड (पाप घडण्याची साधनं): काया, वाचा, मन, त्यांत कायदंड सर्वांत भारी. बुद्ध म्हणतो, आमच्याकडे मनाचं कर्म भारी. मग उपाली हा निगंठांचा श्रीमंत गृहस्थ वाद घालायला येतो. बुद्ध विचारतो: चालताना पायाखाली बारीक जीव मेले, याबद्दल नातपुत्त (म्हणजे महावीर) काय सांगतात? उपाली: हेतू नसेल तर मोठा दोष नाही. आणि हेतू असेल तर? मोठा दोष. हेतू कुठल्या दंडात मोजता? मनोदंडात. झालं, सापडला.

इथे थांबलात तर जैन मत म्हणजे ‘मन गेलं खड्ड्यात, शरीराने काय झालं तेवढं मोजा’ असं डोक्यात बसतं.

दुसरी बैठक: तत्त्वार्थसूत्र, सातवा अध्याय. ‘प्रमत्तयोगात् प्राणव्यपरोपणं हिंसा’. नुसता प्राण जाणं ही हिंसा नव्हे. प्रमादाच्या, बेसावधपणाच्या योगाने प्राण जाणं ही हिंसा. म्हणजे आतलं कारण व्याख्येतच आहे. फक्त ते बौद्धांच्या ‘चेतने’सारखं नाही. बेसावधपणाला हेतू लागत नाही. मारायचं मनात नव्हतं पण बघून पाऊल टाकलं नाही, तरी प्रमत्तयोग आहेच. दोन घरांतलं खरं अंतर हे एवढं आहे, आणि ते उपालिसुत्तात दिसत नाही.

तिसरी बैठक: सूत्रकृतांग या जैन आगमातला आर्द्रकाचा संवाद. इथे जैनांनी बौद्धांची चेष्टा केलीय. पेंडीचा गोळा माणूस समजून कोणी भाल्यावर धरून भाजला तर पाप, आणि खरोखरच्या माणसाला पेंड समजून भाजला तर पाप नाही, हे तुमचं मत ना? म्हणजे जी टर बौद्धांनी जैनांची उडवली, तिचीच उलटी बाजू.

तिन्ही झाल्यावर वहीत दोन वाक्यं लिहा, एक बौद्ध मान डोलावेल असं, एक जैन मान डोलावेल असं. लिहिता आलं नाही तर पुन्हा पहिली बैठक.

जाता जाता उपालिसुत्तातलंच: उपाली तिथल्या तिथे उपासक व्हायला निघतो, तेव्हा बुद्ध त्याला म्हणतो, ‘अनुविच्चकारं खो, गहपति, करोहि’, नीट विचार करून कर. आणि तुझं घर इतके दिवस निगंठांचा पाणवठा आहे, त्यांना भिक्षा देणं थांबवू नकोस. मत बदलल्यावर जुन्या घराशी कसं वागावं याबद्दल याहून नेमकी सूचना माझ्या तरी वाचनात नाही.

खडूफळा

@निरंजन_वाट, हे फार कामाचं. पण मग पाली ग्रंथांनी दिलेली जैन मतं विश्वासार्ह नाहीतच असं धरायचं का?

निरंजन_वाट

तसंही नाही. सामञ्ञफलसुत्तात निगंठ नातपुत्ताच्या तोंडी चातुर्याम संवर आहे, पण त्याचं वर्णन ‘सब्बवारिवारितो’ वगैरे कोड्यासारखं. जैनांकडे चातुर्याम म्हणजे हिंसा, असत्य, चोरी, परिग्रह यांपासून विरती, आणि तो पार्श्वनाथाचा. महावीराची व्रतं पाच. म्हणजे पालीत तपशील बिघडलाय आणि मालकही बदललाय. पण निगंठांशी ‘चातुर्याम’ हा शब्द जोडलेला होता, ही खूण मात्र बाहेरच्या साक्षीने पक्की होते. पार्श्वाची परंपरा महावीराआधी होती असं मांडताना अभ्यासक या चुकलेल्या नोंदीचाच आधार घेतात.

चाराचे पाच का झाले याचं उत्तर खुद्द जैनांकडे आहे. उत्तराध्ययन या आगमाच्या तेविसाव्या अध्ययनात श्रावस्तीला पार्श्वपरंपरेचा केशी आणि महावीराचा शिष्य गौतम भेटतात. केशी विचारतो, ध्येय एक तर धर्म दोन का? गौतमाचं उत्तर माणसांवर आहे: पहिल्या तीर्थंकराच्या वेळचे साधू सरळ पण जड, शेवटच्याच्या वेळचे वाकडे आणि जड, मधल्यांचे सरळ आणि शहाणे. वाकड्यांना पळवाट सापडू नये म्हणून पाचवं वेगळं सांगावं लागलं.

कडूलिंब

कालामसुत्त अजून कोणी आणलं नाही याचं आश्चर्य. दर दुसऱ्या फॉरवर्डमध्ये ‘बुद्ध म्हणाला तर्काला पटेल तेच घ्या’ असतं. मूळ यादी दहा गोष्टींची आहे. ऐकीव म्हणून, परंपरा म्हणून, ग्रंथात आहे म्हणून घेऊ नका, हे सगळे सांगतात. त्याच यादीत ‘मा तक्कहेतु, मा नयहेतु’ आहे: तर्काने ठरतं म्हणूनही घेऊ नका. ‘दिट्ठिनिज्झानक्खन्तिया’ही आहे: आपल्या मताशी जुळतं म्हणून घेऊ नका. कसोटी पुढे येते, की हे अकुशल आहे का, जाणते लोक याची निंदा करतात का, आचरणात आणल्यावर अहित होतं का, हे स्वतः जाणा. तर्कवाद्यांना हे सुत्त वाटतं तितकं सोयीचं नाही.

आणि ‘शून्य म्हणजेच ब्रह्म’वाल्यांसाठी: बौद्ध आचार्य नागार्जुन म्हणतो ‘यः प्रतीत्यसमुत्पादः शून्यतां तां प्रचक्ष्महे’. शून्यता म्हणजे परस्परावलंबन, मागे उरलेलं कुठलं तत्त्व नव्हे. अद्वैती गौडपादाच्या कारिकांचं चौथं प्रकरण बौद्ध शब्दांनी भरलंय, अलाताची (फिरत्या कोलिताची) उपमासुद्धा, आणि तरीही शेवटाला तो लिहितो ‘नैतद्बुद्धेन भाषितम्’. दोन शेजारी इतके जवळ आले की कुंपण मुद्दाम दाखवावं लागलं, असं मी ते वाचतो.

मोगरावेल

चर्चा सगळी पाली-प्राकृताकडे गेली, म्हणून घरचं उदाहरण. दुसऱ्या परंपरेतलं वाचून स्वतःचं मत कसं उभं राहतं ते बघायचं असेल तर ज्ञानेश्वरांच्या अमृतानुभवाच्या तिसऱ्या प्रकरणातल्या तीन ओव्या पुरतात.

‘आणि ज्ञान बंधु ऐसें । शिवसूत्राचेनि मिसें । म्हणितलें असे । सदाशिवें ॥’ हे शिवसूत्र १.२, ‘ज्ञानं बन्धः’. लगेच पुढच्या ओवीत वैकुंठीच्या सुजाणाने, म्हणजे कृष्णाने, सत्त्वगुण ज्ञानाच्या पाशाने बांधतो असं सांगितल्याचं येतं, गीता १४.६, ‘ज्ञानसङ्गेन चानघ’. शैवांचा आगम आणि वैष्णवांचा ग्रंथ एकाच मुद्द्यावर साक्षीला आणले. आणि तिसऱ्या ओवीत दोघांनाही बाजूला केलं: शिव किंवा श्रीवल्लभ बोलले एवढ्यासाठी मानायचं असं नाही, ते न बोलते तरी हे हाती लागतंच.

यातली गंमत शिवसूत्रांच्या घरी, काश्मीरच्या शैवांकडे गेल्यावर वाढते. शिवसूत्रांतलं पहिलं सूत्र ‘चैतन्यमात्मा’, दुसरं ‘ज्ञानं बन्धः’. सलग म्हटलं तर आत्मा + अज्ञानं यांचा संधीही ‘आत्माज्ञानं’ असाच होतो. कानाला दोन्ही सारखं. त्यामुळे शिवसूत्रांवरच्या क्षेमराजाच्या टीकेत ज्ञान (म्हणजे संकुचित, भेदाचं ज्ञान) बंध आणि अज्ञान बंध अशी दोन्ही वाचनं आहेत. ज्ञानेश्वरांनी ‘ज्ञान बंधु’ हे उचललं आणि पुढे सातव्या प्रकरणात अज्ञानालाच मोडीत काढलं. अज्ञान नाही तर ते घालवणारं ज्ञान तरी कशाला, हा त्यांचा रोख. शांकर मतात अविद्येला जी जागा आहे तिच्याशी हे पडताळून बघा.

ज्ञानेश्वरीच्या सुरुवातीचा गणपतीही विसरू नका. षड्दर्शनं हे त्याचे हात, आणि ‘म्हणौनि विसंवादें धरिती । आयुधें हातीं’. मतं जुळत नाहीत म्हणून हातात हत्यारं. बौद्ध मत तर मोडका दात, वार्तिकांनी खंडलेला. सगळं गोड गोड एकत्र केलंय असं समजणाऱ्यांनी तो दात बघावा.

ओसरी

वा. आणि शब्दांच्या रकान्यात एक मराठी भर: फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण, रायतूर, १६१६. ओवीबद्ध, स्वर्गाला सरळ ‘वैकुंठ’. शब्द ओळखीचा म्हणून अर्थही ओळखीचा धरला की गडबड. तिथल्या वैकुंठात पुनर्जन्मातून सुटून जायचं नाहीये, कारण पुनर्जन्मच नाही. श्रीगोंद्याचे मुसलमान संतकवी शेख महंमद यांच्या योगसंग्रामातही असंच सावध राहावं लागतं, फक्त तिथे शब्दांची ये-जा दोन्ही दिशांनी आहे.

पारावरची_बैठक

चौथ्या रकान्याबद्दल, म्हणजे ‘न पटलेलं’. तो रिकामा राहत असेल तर वाचन भक्तीचं चाललंय, अभ्यासाचं नाही. बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’च्या प्रास्ताविकात चार अडचणी सुरुवातीलाच मांडल्यात: बुद्धाने परिव्रज्या (घर सोडून संन्यास) का घेतली, चार आर्यसत्यं मूळची आहेत का, आत्मा नाही तर कर्म आणि पुनर्जन्म कोणाचा, भिक्षुसंघाचा हेतू काय. ज्या धम्माची दीक्षा घेतली त्याच्यावरच्या ग्रंथाचं दार या प्रश्नांनी उघडलंय.

दुसरं उदाहरण धर्मानंद कोसंबी. साखवाळ, गोवा, तुकारामांची गाथा, मग बुद्ध, १९०२ मध्ये श्रीलंकेत विद्योदय परिवेणात पाली. ‘भगवान बुद्ध’मध्ये प्राचीन श्रमणांच्या मांसाहाराबद्दल लिहिलं म्हणून जैन समाजातून मोठा विरोध झाला. त्याच माणसाचं शेवटचं पुस्तक पार्श्वनाथाच्या चातुर्याम धर्मावर आहे, आणि जून १९४७ मध्ये सेवाग्रामला त्यांनी अन्नत्याग करून देह ठेवला, जैनांच्या सल्लेखनेच्या वाटेने. इतिहासाचा मुद्दा सोडला नाही आणि आचाराचा मुद्दा घेतला. निरंजन_वाट यांनी दिलेला चातुर्यामाचा गुंता त्या पुस्तकाच्या बाजूला ठेवून वाचा.

साधनेबद्दल एकच सांगणं. वाचनाबरोबर काही करून बघायचं असेल तर एका वेळी एकच. जैन सामायिक (समभावात बसण्याची साधना) ४८ मिनिटांचं असतं, एक मुहूर्त. त्या ४८ मिनिटांत श्वासाकडे बघण्याची बौद्ध रीत घुसवली तर दोन्हीपैकी कशाने काय झालं ते कळत नाही. मिसळण करायची तर भाकरीच्या पिठात करा.

खडूफळा

बदललेला आराखडा असा. पहिले दोन आठवडे फक्त निरंजन_वाट यांच्या तीन बैठका, कर्म-जै आणि कर्म-बौ वेगळ्या शाईत. मग षड्दर्शनसमुच्चय, रोज तीन कारिका, म्हणजे महिन्याभरात. त्यानंतर तत्त्वार्थ पूर्ण. सांख्यकारिका पुढे ढकलली. अमृतानुभवाचं तिसरं प्रकरण अधूनमधून, तोंडी लावायला.

एक अडलं: सातव्या अध्यायात ‘प्रमत्तयोगात्’ सापडलं, पण प्रतीत क्रमांक १३ आहे आणि ज्या टिपणातून आठवं सूत्र म्हणून शोधत होतो तिथे वेगळंच सूत्र निघालं.

निरंजन_वाट

तुमच्या हातात दिगंबर प्रत आहे, ३५७ सूत्रांची. श्वेतांबर प्रतीत तेच ७.८. दिगंबर पाठात मध्ये प्रत्येक व्रताच्या पाच-पाच भावनांची पाच सूत्रं जास्त आहेत, म्हणून आकडा पाचने पुढे गेला. तिसऱ्या रकान्यात सूत्र क्रमांकाआधी ‘दि’ किंवा ‘श्वे’ लिहायला लागा, आणि रोजचा हिशेबही पुन्हा करा. ३५७ म्हणजे तीनच्या गतीने ११९ दिवस.